शॅम्पेनची पारख

वसईच्या वाड्यांतून वाढलेल्या माणसाला राजेळी केळे कोणते आणि वेलची कोणते, हे डोळे मिटूनही ओळखता येते. ही जिभेची परीक्षा त्याला कोणी शिकविलेली नसते. ती सवयीने अंगी मुरलेली असते. परंतु हीच परीक्षा नियम घालून, तुलना करून आणि टिपणे ठेवून करू लागले म्हणजे तिला शास्त्राचे रूप येते. फ्रान्स देशातील शॅम्पेन ह्या फेसाळ मद्याभोवती असे एक शास्त्र उभे राहिले आहे. त्याचे रसिक आता मुंबई, पुणे, नाशिक ह्या शहरांतही आढळतात. चार-सहा बाटल्या मांडून एकेक घोट चाखणे हा परक्याला निव्वळ चैनीचा खेळ वाटेल. तथापि त्याच्या मुळाशी एक विचारार्ह प्रश्न आहे, आणि तो असा की, वस्तूचे मोल तिच्या गुणावरून ठरवावयाचे की तिच्या नावावरून?

प्रथम हा फेस येतो कोठून ते पाहू. ताडाच्या झाडावरून पहाटे उतरविलेला रस गोड असतो. ऊन चढू लागले की तो फसफसू लागतो. हवेतील व मडक्यातील किण्व, म्हणजे यीस्टचे सूक्ष्म जीव, रसातील साखर खातात आणि तिच्यापासून मद्यार्क व कर्बाम्ल वायू तयार करतात. मडके उघडे असल्यामुळे वायू उडून जातो. शॅम्पेनमध्ये घडते ते हेच. फरक एवढाच की, तेथे वायूला निसटू देत नाहीत. द्राक्षरस एकदा आंबवून तयार झालेल्या मद्यात दर लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर व थोडे किण्व घालून ते बाटलीत घट्ट बंद करतात. दुसऱ्यांदा आंबताना निघालेला वायू मद्यातच विरघळून राहतो आणि बाटलीतील दाब वातावरणाच्या जवळजवळ सहापट होतो. म्हणूनच तिची काच जाड असते आणि बुचावर तारेची जाळी बांधावी लागते.

काम संपलेले किण्व तळाशी गाळ होऊन बसते. मद्य ह्या गाळावर जितके अधिक दिवस राहील तितका त्याला भाजलेल्या पावासारखा खमंग वास येतो. साधी शॅम्पेन किमान १५ महिने आणि एकाच सालच्या द्राक्षांची किमान ३ वर्षे बाटलीत ठेविल्याशिवाय विकू नये, असा तेथील नियम आहे. मुदत भरली की बाटली हळूहळू उलटी करून गाळ मानेत आणतात, मान गोठवितात व गाळ बाहेर काढतात. शेवटी चवीपुरती साखर घालून कायमचे बूच बसवितात. दर लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर तिला ब्रूट म्हणतात. ३२ ते ५० ग्रॅम असेल तर दमी-सेक.

दों पेरिन्यों नावाच्या धर्मगुरूने हा फेस शोधून काढला, अशी आख्यायिका सर्वत्र सांगतात. परंतु ती खरी नव्हे. हा साधुपुरुष १६६८ पासून १७१५ पर्यंत ओव्हिलेच्या मठात होता. पण मद्यात साखर घालून त्याला फेस आणण्याच्या रीतीचे वर्णन ख्रिस्तोफर मेरेट ह्या इंग्रज विद्वानाने १६६२ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेविले होते. नावाभोवती कथा किती सहज गुंफल्या जातात, ह्याचे हे चांगले उदाहरण होय.

शॅम्पेन हे मुळात फ्रान्सच्या ईशान्येकडील एका प्रांताचे नाव. त्या प्रांतातील द्राक्षांपासून, तेथील नियमांनुसार बनलेल्या मद्यालाच ते लावता येते, आणि भारतातही त्याला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले आहे. ह्यात नवल नाही. पालघर जिल्ह्यातीलच डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये असेच संरक्षण लाभले. दुसरीकडील चिकू कितीही गोड असला तरी त्याला घोलवडचा म्हणता येत नाही.

मग महाराष्ट्रातील फेसाळ वाईनला कोणते स्थान द्यावे? गेल्या शतकाच्या नवव्या दशकात जुन्नर तालुक्यातील नारायणगावी श्याम चौगुले ह्यांच्या कंपनीने फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्याने अशी वाईन बनविली, आणि ती ‘ओमर खय्याम’ ह्या नावाने परदेशी गेली. पुढे १९९९ मध्ये राजीव सामंत ह्यांनी नाशिकजवळ सुला ही संस्था स्थापन केली. २०१३ मध्ये शाँदों ह्या फ्रेंच घराण्याने दिंडोरी तालुक्यात तयार केलेली फेसाळ वाईन बाजारात आणली. कृती फ्रान्सचीच, हवा व माती मात्र नाशिकची. शॅम्पेन प्रांत थंड असल्याने तेथील द्राक्षांत आंबटपणा टिकून राहतो. नाशिकचे पठार सुमारे ६०० मीटर उंचीवर असले तरी तेथील उन्हात साखर लवकर भरते व आंबटपणा ओसरतो. म्हणून फेसाळ वाईनसाठी द्राक्षे लवकर खुडावी लागतात. तिकडे शार्दोने, पिनो न्वार व मनिए ह्या जातींवर भर. इकडे शेनँ ब्लां ही जात विशेष उपयोगी पडते.

ह्या दोहोंची न्याय्य तुलना करावयाची तर पहिला नियम असा की, बाटल्या कागदात गुंडाळून त्यांवर केवळ आकडे घालावे. पॅरिस येथे २४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्परियर ह्यांनी फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रेंच व कॅलिफोर्नियाच्या साध्या, बिनफेसाच्या वाईन अशाच झाकून ठेविल्या. तांबड्या व पांढऱ्या ह्या दोन्ही प्रकारांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाला मिळाला! बाटलीवरील चिठ्ठी दिसत असती तर असा निकाल लागता की नाही, ह्याचा ज्याने त्याने विचार करावा.

दुसरा नियम समानतेचा. ब्रूटची तुलना ब्रूटशीच करावी. कारण साखर आंबटपणाला झाकते. सर्व बाटल्या ८ ते १० अंशांपर्यंत थंड कराव्या आणि पेले एकाच घडणीचे असावे. पेल्यात साबणाचा अंश राहिला तर बुडबुडे मरतात. कोरड्या वाईनकडून गोडीकडे जावे आणि मध्ये पाणी व बिनमिठाचा पाव घ्यावा. परीक्षक बहुधा घोट गिळीत नाहीत, थुंकतात. डोके ताळ्यावर असल्याशिवाय न्याय होत नाही. प्रत्येकाने आपले मत आधी लिहावे व मगच बोलावे, नाहीतर वडीलधाऱ्याचे मत तेच सर्वांचे मत होऊन बसते.

स्वतःच्या जिभेचीही परीक्षा घ्यावी. तीन पेल्यांपैकी दोहोंत एक वाईन व तिसऱ्यात दुसरी भरून वेगळा पेला ओळखावयास सांगावे. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा उत्तर बरोबर येईल. परंतु लागोपाठ पाच वेळा तसे येण्याचा संभव २४३ मध्ये १ इतकाच. ह्या कसोटीस जो उतरेल त्याच्या मताला वजन द्यावे.

घरगुती प्रसंगी इतका खटाटोप नको. बूच उडवून आवाज करणे हे अडाणीपणाचे व धोक्याचेही आहे. बूच हातात घट्ट धरून बाटली फिरवावी. तळलेल्या बोंबलाबरोबर ब्रूट शोभते, कारण तिचा आंबटपणा तेथे लिंबाचे काम करतो. नाताळच्या केकबरोबर मात्र तीच आंबटढाण लागते; तेथे दमी-सेक बरी.

सारांश, नावाचा मान आणि चवीचा न्याय ह्या दोन निराळ्या गोष्टी होत. शॅम्पेन हे नाव त्या प्रांताचेच राहावे, हे योग्यच आहे. पण नाशिकच्या बागायतदाराने पिकविलेल्या द्राक्षांची वाईन चाखताना ती फ्रान्सची नाही एवढ्यावरूनच तिला उणे ठरविणे, किंवा आपल्याकडची म्हणून डोक्यावर घेणे, ही दोन्ही जिभेची नव्हे तर मनाची मते होत. झाकलेली बाटली मनाला थोडा वेळ गप्प बसविते, आणि तेवढ्यात जिभेला बोलावयास अवसर मिळतो.