टीव्हीचा काळा पडदा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

संच सुरू केला की निवेदकाचा आवाज खणखणीत येतो, रिमोटची कळ दाबताच वाहिनी बदलल्याचे आवाजावरून कळते, खालचा छोटा दिवाही नेहमीसारखा लागतो, आणि पडदा मात्र काळाठिक्कर राहतो, असा प्रसंग ज्या घरावर ओढवतो त्या घरात पहिला उद्गार बहुधा एकच निघतो : पॅनेल गेले. दिंद्रुड, तालखेड, टाकरवण किंवा पात्रूड अशा गावांहून संच घेऊन माजलगावच्या बाजारपेठेत यावयाचे म्हणजे घरातल्या एकाची दिवसाची मजुरी बुडते. त्यात ‘पॅनेलला नव्या संचाएवढाच खर्च येतो’ हे शेजाऱ्याचे वाक्य कानी पडले, की पुष्कळ कुटुंबे ती खटपटच करीत नाहीत, संच माळ्यावर टाकतात अथवा भंगारवाल्याच्या काट्यावर चढवितात, आणि हप्त्यांवर नवा घेऊन येतात. ज्या जिल्ह्यातील असंख्य घरे ऊसतोडीच्या उचलीवर सबंध वर्षाचा हिशेब बांधतात, तेथे एका चुकीच्या निदानापायी असा भुर्दंड पडावा, ही गोष्ट मला क्षुल्लक वाटत नाही. कारण वर वर्णिलेली लक्षणे असलेल्या संचांत पॅनेल बहुतेक वेळा शाबूत असते, आणि निकामी झालेली असते ती त्याच्या पाठीमागची बॅकलाइट, म्हणजे पडद्याला प्रकाश पुरविणाऱ्या एलईडींच्या पट्ट्या.

हा गैरसमज कोठून आला ते पाहण्यासारखे आहे. १९८२ साली देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्यापुढे दोन दशकांहून अधिक काळ आपल्या घरांत जो खोक्यासारखा जाड संच नांदला, त्याच्या पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतील बाजूस लावलेल्या लेपावर आदळे आणि त्या आघातानेच लेप उजळे. म्हणजे चित्र आणि प्रकाश ही एकाच क्रियेची दोन अंगे होती, पडदा उजळला नाही तर चित्रही नाही, आणि ट्यूब हाच संचाचा सर्वांत महागडा भाग असल्याने ‘ट्यूब गेली’ म्हणजे संच गेला, असा निकाल देणे त्या काळी पुष्कळदा रास्त होते. सपाट पडद्याच्या संचात मात्र हा संबंध पार तुटला आहे. त्यातील द्रव-स्फटिकांचे पॅनेल स्वतः तिळमात्र प्रकाश निर्माण करीत नाही. मागून येणारा प्रकाश कोणत्या बिंदूतून किती जाऊ द्यावयाचा आणि किती अडवावयाचा, एवढेच त्याचे काम. जत्रेतल्या तंबूत चित्रपट चालू असता यंत्रातला दिवा विझला, तर फीत फिरतच राहते आणि आवाजही येत राहतो, केवळ पडद्यावर काही उमटत नाही. त्या वेळी फीत जळाली असे कोणी म्हणत नाही. सपाट संचाविषयीचे बहुतेक गैरसमज चित्र आणि प्रकाश यांचा हा विभक्तपणा ध्यानी न घेतल्यामुळे उद्भवलेले आहेत.

‘आमचा संच एलसीडी नव्हे, एलईडी आहे, त्यामुळे त्याचा पडदाच दिव्यांचा बनलेला असतो’ हे विधान याच जातीचे. दोहोंचे पॅनेल एकाच प्रकारचे. फरक मागील दिव्यांत. पूर्वीच्या संचांत सडपातळ नळ्या असत, ज्यांना उच्च दाबाची वीज लागे आणि ज्यांच्यात अल्पसा पारा असे. २००४ साली सोनीने नळ्यांच्या जागी एलईडी वापरलेला संच बाजारात आणला आणि कालांतराने सर्वच कारखानदारांनी ती वाट धरली. ज्यांच्या पडद्याचा प्रत्येक बिंदू खरोखरच स्वयंप्रकाशी असतो ते ओलेड संच निराळे, त्यांना बॅकलाइट नसते, आणि आपल्या तालुक्यातील सामान्य घरांत ते क्वचितच आढळतात.

आता परीक्षेची गोष्ट सांगतो, कारण ती ज्याच्या त्याच्या हाती आहे. रात्री खोलीतील दिवे मालवावेत, संच सुरू करून एखादी वाहिनी लावावी, आणि मोबाइलची टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, किंचित तिरपी धरून हळूहळू फिरवावी. टॉर्चचा गोल जेथे पडेल तेथे निवेदकाचा चेहरा, खालून सरकणारी बातम्यांची अक्षरे, किंवा मेनूचा चौकोन अंधूक हलताना दिसला, तर पॅनेल जिवंत आहे आणि प्रकाश नाही, हे निश्चित झाले. पडदा क्षणभर उजळून लगेच काळा होत असेल आणि आवाज मात्र चालूच राहत असेल, तर तेही बॅकलाइटचेच लक्षण. एलईडींना वीज पुरविणारा विभाग दोष ओळखून स्वतःला आवरून घेतो, त्यामुळे असे घडते. या परीक्षेला एक मर्यादा आहे, ती विसरू नये : दोष एलईडीच्या पट्टीत आहे की तिला वीज देणाऱ्या बोर्डात, हे टॉर्च सांगत नाही. त्यासाठी कारागिराला पट्टीच्या जोडणीवर मीटर लावावे लागते. संच सुरू करताच दाब एकदम चढून खाली आला तर साखळी कोठेतरी तुटलेली आहे, आणि दाब मुळी आलाच नाही तर बोर्डाकडे वळावयाचे. हे मोजमाप न करता जो पट्ट्या बदलावयास घेतो, त्याच्या हाती संच देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विजेच्या चढउताराला सर्वस्वी दोषी धरण्याची प्रथाही अशीच जुन्या काळातून चालत आली आहे. ग्रामीण भागात वीज कमीजास्त होते हे खरे. परंतु आजच्या बहुतेक संचांचा वीजपुरवठा १०० पासून २४० व्होल्टपर्यंत चालण्याजोगा बांधलेला असतो, आणि त्याच्या पुढचा विभाग एलईडींना ठरावीक प्रवाहच देतो, मग भिंतीतील दाब १८० असो वा २३०. त्यामुळे स्टॅबिलायझर बसविल्याने बॅकलाइटचे आयुष्य वाढते, या समजुतीत तथ्य नाही. वळवाच्या पावसात कडाडणारी वीज ही मात्र निराळी आणि खरी आपत्ती होय. तिच्या लाटेने वीजपुरवठ्याचा बोर्ड किंवा मुख्य बोर्ड जळतो, खालचा दिवादेखील लागत नाही, आणि ती टाळण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे ढग गडगडू लागताच प्लग आणि छत्रीची केबल दोन्ही काढून ठेवणे.

मग एलईडी जातात कशाने? ‘पन्नास हजार तास चालणारी वस्तू चार-पाच वर्षांत कशी जाते?’ असा प्रश्न ग्राहक दुकानदाराला करतो, आणि रोज सहा तास धरल्यास तो आकडा २२ वर्षांच्या पुढे जात असल्याने आपण फसविले गेलो असे त्याला वाटते. एलईडीचे आयुष्य म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो बहुधा तिचा प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर येण्यास लागणारा काळ असतो, आणि तोही विशिष्ट तापमान व विशिष्ट प्रवाह गृहीत धरून काढलेला. संचात अशा अनेक एलईडी एकामागोमाग एक जोडलेल्या असतात. त्यांतील एकीचा मार्ग तुटला की त्या साखळीतील सगळ्याच विझतात. प्रत्येक एलईडी शंभरांत नव्याण्णव इतकी भरवशाची मानली, तरी विसांची साखळी अखंड राहण्याची शक्यता शंभरांत ८२च्या आसपासच उरते, हा साधा गुणाकार आहे. त्यात उष्णतेची भर पडते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या घरात त्याहूनही अधिक. त्यातच संच लाकडी कपाटाच्या बंद कोनाड्यात बसविलेला असला आणि पाठीमागच्या फटींत धूळ साचलेली असली, की आतील पट्ट्यांना श्वास घ्यावयास जागा उरत नाही.

या साऱ्यापेक्षाही जो दोष सहज टाळता येण्यासारखा आहे, तो मेनूतला. प्रकाश कमी करावा म्हणून लोक ‘ब्राइटनेस’ खाली आणतात, पण कित्येक संचांत त्या आकड्याने चित्रातील काळेपणाची पातळी तेवढी हलते आणि एलईडींतून वाहणारा प्रवाह होता तसाच राहतो. प्रवाह कमी होतो तो ‘बॅकलाइट’ या निराळ्या आकड्याने. दुकानाच्या झगमगाटात डोळ्यांत भरावे म्हणून ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ प्रकारात हा आकडा शंभरावर चढविलेला असतो आणि घरी आणल्यावर वर्षानुवर्षे कोणी त्याला हात लावीत नाही. घरातल्या साध्या ट्यूबलाइटच्या उजेडात तो ५० ते ६०वर ठेवला तरी चित्र उणे वाटत नाही, आणि एलईडींचे तापमान मात्र लक्षणीय उतरते.

संच उघडल्यावर काय दिसते, ते एकदा पाहिले म्हणजे पुढचा गैरसमज आपोआप गळून पडतो. पाठीमागचे झाकण निघाले, रिबन सोडविल्या, कडेची पट्टी उकलली, की दोन माणसांनी चारी कोपरे सांभाळून पॅनेल उचलावयाचे. त्याच्या एका कडेला केसासारख्या सूक्ष्म वाहिन्यांच्या लवचीक पट्ट्या चिकटलेल्या असतात, आणि त्यांतील एकीला ताण बसला तरी पडद्यावर कायमची उभी रेघ येते. पॅनेलखाली दोन-तीन पातळ पारदर्शक पापुद्रे, ज्यांचा क्रम आणि बाजू चुकली तर चित्र डागाळते. त्यांखाली दुधी रंगाचा जाड पत्रा, मग भोके पाडलेला शुभ्र कागद, आणि त्या भोकांतून डोकावणारी, प्रत्येक एलईडीवर बसविलेली फुगीर पारदर्शक भिंगे. निकामी एलईडी पुष्कळदा नजरेनेच ओळखू येते : तिच्या पिवळ्या लेपाच्या मध्यभागी टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका पडलेला असतो आणि वरचे भिंग तपकिरी झालेले असते. भिंग नुसते निखळून पडले असेल तर एलईडी विझत नाही, परंतु पडद्यावर त्या जागी पांढरा प्रखर गोळा दिसतो; ‘पडद्यावर डाग पडले’ म्हणून पॅनेल बदलावयास निघालेल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. चित्रावर निळसर-जांभळी छटा येणे हेही पॅनेलचे दुखणे नव्हे. पांढरी एलईडी ही मुळात निळीच असते, जिच्या शोधाबद्दल तीन शास्त्रज्ञांना २०१४ सालचे भौतिकीचे नोबेल मिळाले, आणि तिच्यावरील पिवळा लेप उष्णतेने करपला की मूळचा निळा प्रकाश उघडा पडतो.

‘एकच एलईडी गेली आहे, तेवढीच बदला, स्वस्तात होईल’ ही मागणी ग्राहकाच्या दृष्टीने स्वाभाविक आहे, आणि एखादा कारागीर त्याहून पुढे जाऊन निकामी एलईडीची दोन टोके तारेने जोडून संच तत्काळ चालू करूनही देतो. प्रवाह स्थिर राखणाऱ्या बोर्डामुळे त्याच साखळीतील बाकीच्या एलईडींवर लगेच अधिक भार पडतो असे नाही. परंतु जेथे दोन साखळ्या समांतर जोडलेल्या असतात आणि त्यांचे नियंत्रण स्वतंत्र नसते, तेथे आखूड झालेली साखळी आपल्या वाट्याहून जास्त प्रवाह ओढते आणि लवकर जळते. शिवाय पडद्यावर अंधूक पट्टा राहतो तो राहतोच. एकटी नवी एलईडी बसविली तर ती जुन्यांपेक्षा उजळ दिसते, आणि जुन्यांनी तीच उष्णता तितकीच वर्षे सोसलेली असल्याने दुसरी केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. मग पुन्हा पॅनेल उचलणे आले, आणि दर उचलीला ते तडकण्याचा धोका आला. म्हणून एकदा उघडलेल्या संचात सगळ्या पट्ट्यांचा जोड बदलणे हेच शहाणपणाचे, आणि तो जोड मूळच्याच लांबीचा, तितक्याच एलईडींचा व त्याच दाबाचा, ३ व्होल्टच्या जागी ३ आणि ६च्या जागी ६, असा पाहून घेतला पाहिजे.

दुरुस्त केलेला संच सहा महिनेही टिकत नाही, अशी जी तक्रार ऐकू येते तिच्या मुळाशी हीच हयगय असते. जाणता कारागीर नव्या पट्ट्या बसविल्यावर बोर्डावरील प्रवाह ठरविणाऱ्या समांतर रोधकांपैकी एक काढून प्रवाह थोडा उतरवितो. प्रकाश पंचमांशाने कमी झाला तरी डोळ्याला तो फारसा जाणवत नाही, आणि पट्ट्या थंड राहून पुष्कळ अधिक काळ जगतात. आपल्या हवामानात ही तजवीज मी आवश्यक समजतो, आणि संच ताब्यात घेताना ती केली की नाही हे ग्राहकाने विचारावे.

मोबाइलवर चित्रफीत पाहून हे काम घरी करू पाहणाऱ्या तरुणांना मात्र दोन गोष्टी बजावून सांगितल्या पाहिजेत. प्लग काढल्यानंतरही वीजपुरवठ्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर भार काही काळ राहू शकतो, आणि पट्ट्या तपासण्याचे स्वस्त यंत्रही त्याच पल्ल्याचा दाब देते. दोहोंचा धक्का जीवघेणा ठरू शकतो. दुसरी गोष्ट वाहतुकीची. मोटारसायकलवर मांडीवर आडवा धरून आणलेल्या संचाचे पॅनेल खड्ड्याच्या एका हिसक्याने तडकते, आणि जेथे पट्ट्यांवर भागले असते तेथे संच खरोखरच गमावला जातो. तो नेहमी उभाच न्यावा, दोन्ही बाजूंस गोधडी लावून.

पॅनेल कधीच जात नाही असे माझे म्हणणे नाही. तडा, शाईसारखा पसरणारा काळा डाग, किंवा आरपार उभ्या-आडव्या रेघा दिसल्या तर तो पॅनेलचाच दोष, आणि तेथे पट्ट्या बदलून पैसे घालवू नयेत. काम झाल्यावर पावती घ्यावी, काढलेल्या जुन्या पट्ट्या मागून पाहाव्यात. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती कंपन्यांकडून ग्राहकाला मिळावी म्हणून केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले आहे, त्याचाही उपयोग करावा. ज्याचे पॅनेल खरोखर गेले आहे असा संच भंगारात फोडण्याऐवजी १ एप्रिल २०२३पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांखालील नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे (रिसायकलरकडे) जावा, आणि तो जुना, नळ्यांच्या बॅकलाइटचा असेल तर त्या नळ्या घरी मुळीच फोडू नयेत, कारण त्यांत पारा असतो.