शरद ऋतूंतील पित्त व शेतकऱ्याची दिनचर्या

पाऊस उघडून आकाश निवळलें आणि रेणुकामातेच्या नवरात्राची चाहूल लागली, म्हणजे चांदवड तालुक्यांतील शेतकऱ्यास क्षणाची उसंत राहत नाहीं. बाजरीची व मक्याची काढणी, कांद्याच्या रोपांची निगा, आणि वडनेर भैरवच्या बाजूस द्राक्षबागांची छाटणी, हीं सर्व कामें एकदमच अंगावर येतात. ह्याच दिवसांत छातींत जळजळ, डोकेदुखी, तोंड येणें, हातापायांची आग होणें, ह्या तक्रारी घरोघर ऐकूं येतात. शरद ऋतु म्हणजे वैद्यांची माउलीच, असें जें विनोदानें म्हटलें जातें, तें उगीच नव्हे. हा त्रास पुष्कळ अंशीं टाळतां येण्याजोगा असल्यानें त्याचा थोडक्यांत विचार करूं.

आयुर्वेदाच्या गणनेप्रमाणें आश्विन व कार्तिक हे शरद ऋतूचे महिने होत. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय ऋतुचर्येचा आहे. त्यांतील आशय असा कीं, पावसाळ्याच्या गारव्यास सरावलेलें शरीर एकाएकीं सूर्याच्या किरणांनीं तापतें, आणि पावसांत सांचलेलें पित्त त्यामुळें खवळतें. आमच्या जुन्या चाकरींतील दृष्टान्त द्यावयाचा तर, वर्षा ऋतूंत पित्ताची बाकी तुंबते आणि शरदांत तिची एकदम वसुली निघते. आजच्या ज्ञानानें पाहतांही हा काळ कष्टाचाच ठरतो. जमीन अजून ओली, हवेंत दमटपणा, वर ढगांचें छत्र नाहीं. त्यामुळें घाम लवकर वाळत नाहीं व अंगांतील उष्णता बाहेर पडण्यास अडचण होते.

आतां आहाराविषयीं. ह्या ऋतूंत कडू, गोड व तुरट रसांचे पदार्थ हलके व बेताचे, खरी भूक लागल्यावरच खावे, असें शास्त्र सांगतें. भात, मूग, पडवळ, आवळा व साखर हीं त्यांत मुद्दाम सांगितलीं आहेत. तूप व दूधही पित्त शमविणारीं मानिलीं आहेत. आमच्याकडे बाजरी नुकतीच घरांत आलेली असते. परंतु ती उष्ण समजली जात असल्यानें तिची भाकरी थंडीकरितां राखून सध्यां ज्वारी वापरावी, हें बरें. दहीं, तेल, क्षार, तीव्र मद्य व पोटाला तड लागेपर्यंत जेवणें हीं वर्ज्य होत. मधुमेह असणाऱ्यांनीं मात्र साखरेचा व भाताचा हा उपदेश आपणांस लागू समजूं नये.

नवरात्राच्या उपवासांत तर उलटाच प्रकार घडतो. दिवसभर रिकाम्या पोटीं चहावर चहा, आणि सायंकाळीं तळलेला साबुदाणा, शेंगदाणे व हिरवी मिरची! ह्यानें पित्त शमावें कसें? त्यापेक्षां दूध, केळें, राजगिरा, अथवा तूप-जिऱ्याची भगर बेतानें घ्यावी. भगर स्वच्छ, कोरडी पाहून घ्यावी. बुरशी धरलेल्या भगरीनें विषबाधा होते. मधुमेहाचीं अथवा रक्तदाबाचीं औषधें चालूं असणाऱ्यांनीं डॉक्टरांस विचारल्याखेरीज निरंकार उपवास करूं नये.

पाण्यासंबंधीं ग्रंथांत हंसोदकाचें वर्णन आहे. दिवसा सूर्यानें तापलेलें, रात्रीं चंद्रकिरणांनीं निवालेलें व अगस्त्य ताऱ्याच्या उदयानें निर्विष झालेलें पाणी, तें हंसोदक. पाणी तापवून निववावें, एवढा बोध त्यांतून आपण घ्यावा. पावसाळ्यांत विहिरींत झिरपलेली घाण चांदण्यानें जात नाहीं; सबब पाणी उकळून मडक्यांत गार करावें.

दिवसा झोपणें व उन्हांत राबणें हीं दोन्ही ह्या ऋतूंत निषिद्ध आहेत. म्हणून कष्टाचें काम सकाळीं लवकर सुरू करून दुपारीं सावलींत बसावें. मनाई झोपेची आहे, विसाव्याची नाहीं. मजुरांसही हीच सवलत द्यावी. विरेचन व रक्तमोक्षण हे उपाय ग्रंथांत आहेत खरे. परंतु ते जाणत्या वैद्याच्या देखरेखीखालींच व्हावे. जत्रेंतील पुड्या घेऊन घरीं जुलाब करून घेणें हा निव्वळ अविचार होय.

येथवर पित्ताची गोष्ट झाली. परंतु प्रत्येक दुखण्यास पित्त म्हणून मोकळें होण्याची जी खोड आपल्यांत आहे, ती प्राणघातक ठरते. फवारणीनंतर डोकें दुखूं लागलें, मळमळलें, ओकारी आली, कीं घरांत कोकमाचें सरबत देतात. तें पित्त नसून विष असण्याचा संभव असतो. २०१७ सालीं ह्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक माणसें दगावलीं. अशा वेळीं कपडे उतरवून अंग साबणानें धुवावें, १०८ क्रमांकास कळवावें व औषधाचा डबा बरोबर घेऊन रुग्णालय गांठावें. वाऱ्याच्या उलट दिशेस फवारूं नये. हातमोजे व तोंडावर मुखपट्टी असावी.

द्राक्षबागाईतदारांस आणखी एक सूचना. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावे म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावितात. तें अंगांत गेलें असतां शरीरास मद्य पचवितां येत नाहीं. चेहरा लाल होतो, छातींत धडधडतें, रक्तदाब उतरतो. म्हणून हें काम करणाऱ्यानें आधीं व नंतरही कांहीं दिवस दारूस शिवूं नये. शरदांत तीव्र मद्य वर्ज्य, हा जुना नियम येथें अक्षरशः पाळावा. त्याचप्रमाणें ताप दोन दिवसांत न उतरल्यास रक्त तपासून घ्यावें. डासांपासून होणारा डेंग्यू व हिवताप ह्याच दिवसांत बळावतात.

कार्तिकाचे शेवटले आठ दिवस व मार्गशीर्षाचे पहिले आठ दिवस ह्यांस शार्ङ्गधरानें यमदंष्ट्रा म्हटलें असून त्या काळीं अल्प आहार घ्यावा, असें सांगितलें आहे. ऋतु पालटतांना खाणेंपिणें एकदम न बदलतां जुनें हळूहळू सोडावें व नवें हळूहळू धरावें, हा वाग्भटाचाही उपदेश आहे. वाचकांनीं निदान पाणी, दुपारचा विसावा व फवारणीची खबरदारी ह्या तीन गोष्टी यंदाच्या हंगामापासून घरांत व मजुरांत सुरू कराव्या, अशी आमची विनंती आहे.