दोन तारा आणि दोन ट्रान्झिस्टर

पिपलानी-बरखेड्याच्या मराठी घरांत 'भेल' म्हटलं की चुरमुरे आठवत नाहीत, कारखाना आठवतो. भोपाळच्या या कारखान्यात रेल्वे इंजिनांच्या ट्रॅक्शन मोटर बनतात. अशी मोटर चालवताना जवळच्या तारांत नको ते व्होल्टेज घुसतं. मग तिच्या शेजारून डेटा न्यायचा कसा?

एकाऐवजी दोन तारा, एकमेकींना पीळ घालून. एकीचं व्होल्टेज वर जातं तेव्हा दुसरीचं खाली. बाहेरचा गोंगाट दोघींत जवळजवळ सारखाच शिरतो, आणि पलीकडचा रिसीव्हर फक्त दोघींतला फरक बघतो, म्हणून गोंगाट वजा होतो. आरएस-485 मध्ये 200 मिलिव्होल्टचा फरकसुद्धा ओळखता यावा लागतो. मोटारगाड्यांतली कॅन बस याच कुळातली.

इथवर पुस्तकात असतंच. खरी डोकेदुखी आहे ती तारा हलवणाऱ्या ट्रान्झिस्टरांची. कॅनच्या ड्रायव्हरमध्ये वर पीएनपी, खाली एनपीएन. दोन्ही चालू झाले की एक तार साधारण 3.5 व्होल्टवर जाते, दुसरी 1.5 वर. बसच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे रोधक असतात, म्हणजे ड्रायव्हरला 60 ओहम दिसतात आणि करंट होतो साधारण 33 मिलिअँपिअर. एवढा तर साधे ट्रान्झिस्टरही देतात. आमच्या प्रोजेक्टमध्ये दिलाही, पण वेग वाढवला नि सगळं बिघडलं.

चूक आमचीच. बेसला गरजेपेक्षा जास्त करंट दिला होता. मग ट्रान्झिस्टर संपृक्त होतो, बेसमध्ये विद्युतभार साचतो, आणि तो निघून जाईपर्यंत 'बंद हो' म्हटलं तरी ट्रान्झिस्टर चालूच राहतो. पंगत उठली तरी पाहुणे गप्पा मारत बसतात ना, तसं! 1 मेगाबिट वेगाला एक बिट 1 मायक्रोसेकंदाचा. त्यातला अर्धा असा गेला तर उरलं काय? शिवाय पीएनपी आणि एनपीएन एकाच क्षणी मोकळे होत नाहीत. मधल्या वेळात एकच तार ओढलेली राहते, तोल जातो आणि केबल स्वतःच अँटेना बनून गोंगाट करते.

उपाय स्वस्त आहे: बेस आणि कलेक्टरमध्ये शॉट्की डायोड. तो 0.3 व्होल्टच्या आसपासच चालू होतो आणि जादा करंट कलेक्टरकडे वळवतो. पीएनपीला लावताना दिशा उलटी, हे विसरू नका.

याहून वेगवान एलव्हीडीएसमध्ये करंट बंदच करत नाहीत. जेमतेम 3.5 मिलिअँपिअर, 100 ओहममधून फक्त दिशा बदलत राहतो. फरक पडतो 350 मिलिव्होल्टचा.

स्वतः कॅन ड्रायव्हर जोडून बघणार असाल तर टोकांचे रोधक आधी लावा. ट्रान्झिस्टर तारांना फक्त दूर ओढतात; परत जवळ आणतात ते रोधकच.