प्रकल्प कोणाचा – मुलाचा की पालकांचा?

प्रतिनिधी

रात्रीचे साडेनऊ वाजलेले. 'पाण्याचे उपयोग' या विषयावरचा तक्ता उद्या शाळेत न्यायचा आहे. आई चित्रे कापते आहे, बाबा ठळक अक्षरांत शीर्षक रंगवीत आहेत आणि ज्याचा हा प्रकल्प, तो दुसरीतला विद्यार्थी केव्हाच झोपी गेला आहे. सकाळी तक्ता शाळेत जातो, भिंतीवर लागतो आणि 'छान' असा शेराही मिळवतो. हा शेरा खरे तर कोणाला मिळाला, हे शिक्षकांना ठाऊक असते, पालकांना ठाऊक असते आणि मुलालाही ठाऊक असते. आपल्या हातचे काम भिंतीवर लावण्याच्या लायकीचे नाही, एवढाच धडा त्या तक्त्यातून त्याला मिळालेला असतो.

वास्तविक या वयाच्या मुलांवर घरच्या अभ्यासाचा भार नसावा, हे आता अधिकृत धोरणही सांगते. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये आणि तिसरी ते पाचवीच्या मुलांना तो आठवड्याला जास्तीत जास्त दोन तासांचा असावा. मात्र गृहपाठ नको म्हणजे घरी शिकणेच नको, असा त्याचा अर्थ नाही. ग्रामीण भारतातील मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या स्तराचा मजकूर वाचू शकणारी मुले सुमारे २७ टक्के, तर हातच्याची वजाबाकी करू शकणारी सुमारे ३४ टक्के होती. पाया या वर्षांत कच्चा राहिला, तर पुढे इतिहास-भूगोलाचे पानही मुलाला परके वाटू लागते. प्रश्न आहे तो घरी काय करावे आणि ते कोणी करावे, याचा.

कोसबाडचा वारसा

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राला नवे नाही. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये रुजले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने गरीब वस्तीत आणणार कोठून? तेव्हा परिसरातील खडे, शिंपले, बिया, पाने आणि फुले हीच शिक्षणाची साधने ठरली. वस्तू मुलाच्या हातात असावी आणि ती हाताळताना त्याला प्रश्न पडावेत, हे त्यामागचे सूत्र होते. अलीकडच्या काळात पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या, रिकाम्या बाटल्या आणि जुनी वर्तमानपत्रे यांपासून खेळणी करून हेच सूत्र विज्ञानात आणले. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले.

गठ्ठे आणि सुट्या काड्या

मराठी संख्यानामांची एक अडचण पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही. 'पंचवीस' म्हणताना आधी पाच ऐकू येतात, मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन आणि मग पाच. त्यामुळे ऐकून लिहिणारे मूल ५२ लिहिते आणि 'लक्ष नसते' म्हणून बोलणी खाते. 'एकोणतीस'ची गोष्ट तर आणखी वेगळी. तिथे तिसातून एक वजा करून नाव तयार झालेले आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी जोड दिली गेली, तेव्हा तो वाद विधिमंडळापर्यंत गाजला. जोडाक्षरांची नावे आणि उलटा क्रम मुलांना जड जातो, अशी भूमिका गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या वेळी मांडली होती.

वाद काहीही असो, घरी करण्याजोगा उपाय सोपा आहे. खराट्याच्या काड्यांचे सारखे तुकडे घ्यावेत आणि दहा-दहांचे गठ्ठे करून रबर लावावे. 'पंचवीस' म्हटले की मुलाने दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या मांडाव्यात, मगच आकडा लिहावा. त्यानंतर 'यातून आठ दे' असे सांगावे. पाच सुट्या काड्यांतून आठ देता येत नाहीत, म्हणून मूल आपणहून एक गठ्ठा सोडते. हातचा म्हणजे काय, हे त्या क्षणी त्याला बोटांनी कळते.

वाटी, पेला आणि अंदाज

स्वयंपाकघर ही घरातली दुसरी प्रयोगशाळा. हा डबा भरायला किती वाट्या तांदूळ लागतील, याचा आधी अंदाज सांगायचा, मग मोजायचे. दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहावेत. चार दिवसांत अंदाज मोजणीच्या जवळ येऊ लागतो आणि मुलाला स्वतःच्या प्रगतीचा पुरावा मिळतो.

एकाच मापाचे पाणी उंच पेल्यात आणि पसरट वाडग्यात ओतून 'जास्त कशात?' असे विचारून पाहावे. पाच-सहा वर्षांची अनेक मुले निःशंकपणे उंच पेल्याकडे बोट दाखवतात. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांच्या विचारपद्धतीचा अभ्यास करताना असेच प्रयोग केले होते. चूक सांगण्याची घाई करू नये. पाणी पुन्हा पहिल्या भांड्यात ओतायला सांगावे आणि काय दिसले, ते त्याच्याच तोंडून ऐकावे.

स्वतःचे पुस्तक

वाचनाची गोडी लावायची, तर मुलाला स्वतःचे पुस्तक द्यावे. विकतचे नव्हे, त्याने केलेले. एक कोरा कागद तीनदा निम्मा दुमडून उघडला की आठ चौकटी दिसतात. आता छोट्या बाजू एकमेकींना जुळवून कागद दुमडावा. घडीच्या बाजूकडून मधल्या रेषेवर, पुढची आडवी रेषा येईपर्यंतच कापावे. कागद पूर्ण उघडून लांबीत दुमडावा आणि दोन्ही टोके आत ढकलावीत. मधली चीर उघडते आणि पाने एकमेकांवर वळवली की आठ पानांची पुस्तिका तयार होते.

आता मुलाने गोष्ट सांगायची आणि मोठ्यांनी ती जशीच्या तशी लिहायची. 'आजीने मला चिमटा काढला' एवढीच गोष्ट असली, तरी चालेल. घरची बोली वऱ्हाडी, मालवणी वा अहिराणी असेल, तर वाक्यही त्याच बोलीत उतरावे. पुस्तकी रूप शाळा शिकवतेच. चित्रे अर्थातच मुलाची. स्वतः बोललेले शब्द कागदावर दिसतात, तेव्हा ते वाचताना अडखळणे कमी होते.

लिपीतील एक खोच येथे उपयोगी पडते. 'कि'मधली वेलांटी उच्चारात मागून येते. लिहिलेली मात्र अक्षराच्या आधी दिसते. नवशिके मूल येथे गोंधळते. जुन्या वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून अशी वेलांटी असलेले शब्द शोधून कापण्याचा व चिकटवण्याचा खेळ पाठ्यपुस्तकातील सरावापेक्षा अधिक आनंदाने खेळला जातो.

हळदीचा कागद, काठीची सावली

चमचाभर हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदाला लावावी व कागद वाळू द्यावा. साबणाच्या वडीच्या पाण्यात कापूस बुडवून त्यावर चित्र काढले की पिवळ्या कागदावर तांबड्या रेषा उमटतात. साबण अल्कधर्मी असतो आणि हळद अल्काच्या संपर्कात रंग बदलते. त्याच रेषेवर लिंबाचा रस लावला की पिवळा रंग परततो. हळदीचे डाग पडलेला कपडा साबण लागताच लाल का दिसतो, हा प्रश्न मग मूलच विचारते.

अंगणात किंवा गच्चीत काठी उभी करून सकाळी, दुपारी व सायंकाळी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने येथे वर्षातून दोनदा सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्यातला पहिला दिवस बहुतेक भागांत मे महिन्यात, म्हणजे ऐन सुट्टीत येतो. तेव्हा उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. दुसऱ्यांदा आकाशात पावसाळी ढग असण्याची शक्यता अधिक.

पालकांनी काय टाळावे

पंधरा-वीस मिनिटे पुरेशी आहेत. कंटाळा दिसला की थांबावे. कात्री बोथट टोकाची असावी. घरात तान्हे वा रांगते भावंड असेल, तर चिंचोके, मणी अशा वस्तू त्याच्या हाती लागू नयेत. त्या घशात, नाकात किंवा कानात अडकू शकतात.

बक्षिसाचे आमिष हीदेखील जपून वापरण्याची गोष्ट आहे. अमेरिकेतील मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चित्रे काढण्याबद्दल आधी कबूल करून प्रशस्तिपत्र दिलेली बालवाडीतील मुले पुढे आपणहून चित्रकलेकडे कमी वळली. आवडीचे काम मोबदल्याचे झाले की आवड ओसरते. त्यापेक्षा 'हे तू कसे केलेस?' हा प्रश्न मुलाला अधिक मोलाचा वाटतो.

सर्वांत अवघड पथ्य म्हणजे हात आवरणे. वाकडा कापलेला कागद, रेषेबाहेर गेलेला रंग, उलटे काढलेले अक्षर पाहिले की मोठ्यांचे हात शिवशिवतात. परंतु ती वाकडी रेष मुलाच्या मालकीची असते. पुढच्या वेळी शाळेतून तक्ता सांगितला गेला, तर आई-बाबांनी शेजारी जरूर बसावे, खळ व कात्री हाताशी द्यावी, अडले तर विचारावे. चिकटवणारे बोट मात्र मुलाचेच असू द्यावे. तक्ता कदाचित भिंतीवर लागणार नाही. पण त्याविषयी विचारले, तर मूल दहा मिनिटे बोलत राहील.