कबरस्तानातलं गाजरगवत

2 नोव्हेंबरला मृत भाविकांचा दिवस. त्याच्या आठवडाभर आधी आम्ही काही म्हातारे खुरपी-विळे घेऊन कबरस्तान साफ करतो, हा नेहमीचा रिवाज. गेल्या वर्षी मी अर्ध्या तासात घरी परतलो. शिंकांवर शिंका, डोळ्यांना धार, मानेवर नि हातांवर लाल चट्टे. त्या दिवशी पत्नीच्या कबरीवर मेणबत्ती नातवानं लावली आणि मी खिडक्या बंद करून घरात बसलो. फार लागलं ते मनाला.

कारण गाजरगवत. इथे निर्मलला आमचे तेलुगू शेजारी त्याला 'वय्यारीभामा' म्हणतात, म्हणजे ठुमकत चालणारी नखरेल बाई. नाव गोड, पण गुण असे! मूळचं अमेरिका खंडातलं; आपल्या देशात 1955 साली पुण्यात ते नजरेत आलं. काँग्रेस गवत तेच. पावसाळ्यात वाढतं आणि पाऊस सरताना पांढऱ्या फुलांनी भरून जातं. त्याचे पराग नाकात गेले की शिंका, आणि झाडाला हात लागला की त्यातल्या पार्थेनिन द्रव्यानं अंगाला खाज. आम्ही मात्र ऐन फुलोऱ्यात ते उघड्या हातांनी उपटत होतो, वर मुळांची माती झटकत होतो. मुलांना शास्त्र शिकवलेला माणूस मी!

आधी दुकानातून गोळी आणली. शिंका थांबल्या, पण दिवसभर गुंगी. या वयात तोल जाऊन हाड मोडायचं. मग डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "सर, फिरणं सोडू नका, तयारीनं फिरा." नाकात मारायचा फवारा दिला. तो त्याच दिवशी गुण देत नाही, म्हणून त्रासाचा हंगाम यायच्या दोन आठवडे आधीपासून रोज घ्यायचा.

कालव्याकाठची माझी फेरी चालूच आहे. सर येऊन गेली की हवा धुतलेली असते, तेव्हा खुशाल जावं. कोरडा वारा असेल तर मास्क आणि चष्मा. घरी आल्यावर आधी डोक्यावरून अंघोळ, कपडे थेट धुण्यात; नाहीतर पराग उशीपर्यंत येतात. छातीत घरघर किंवा दम लागला तर मात्र घरचे उपाय करत बसू नये.

आता कबरस्तानाचं. यंदा ऑक्टोबरची वाट न पाहता ऑगस्टमध्येच, फूल यायच्या आत, जमीन ओली असताना ते मुळासकट उपटू. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. ज्यांना त्रास आहे त्यांनी लांब राहावं. पाणी आणि चहा आम्ही बघू. दिवाळीनंतर रस्त्याकडेच्या तरोट्याच्या शेंगा वाळतात, त्यांचं बी जमवून ठेवा. पुढच्या मे महिन्यात ते कुंपणालगत फेकलं की तरोटा दाट उगवतो नि गाजरगवताला जागा देत नाही. तरोट्याची कोवळी भाजीही होते, पण कबरस्तानातली कोण खाणार म्हणा!

हातमोज्यांचे बारा जोड मी आणले आहेत. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी, मिस्सा झाल्यावर, फाटकापाशी भेटू.