सातबाऱ्यावर तेवीस नावं, आणि एक झरा

मुंबई-गोवा महामार्गानं कोकणात उतरणारा माणूस कोकण पाहतो ते पुढच्या ट्रकच्या फळीवरचा मजकूर वाचत वाचत. 2011 साली सुरू झालेलं चौपदरीकरण इतकी वर्षं रेंगाळलं, की आमच्या घरी त्या रस्त्याचं नाव काढायची सोय राहिली नाही. म्हणून गेल्या जानेवारीत आम्ही दोघांनी ठरवलं, जायचं ते किनाऱ्यानं. रेवस ते रेडी असा समुद्राच्या कडेचा रस्ता ही बॅरिस्टर अंतुल्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातली, म्हणजे 1980-82 मधली कल्पना. चाळीसहून अधिक वर्षांत तिचे तुकडे तेवढे झाले. मध्येच खाडी आडवी येते आणि डांबर पाण्याच्या तोंडाशी संपतं. मग फेरीबोटीत गाडी चढवायची, आणि दहा-पंधरा मिनिटं इंजिन बंद करून वारा खायचा. मला तरी हा रस्त्याचा दोष वाटत नाही.

नोकरीतली चार वर्षं मी कोकणातल्या शाखेत काढली. तिथले तीन मित्र आता आपापल्या गावी राहतात. 'या, या' असं तिघंही वर्षानुवर्षं म्हणत होते. आम्ही एकच अट घातली: पाहुणचार बेताचा करा, पण रोज सकाळी कुणीतरी आम्हाला रानात चालवायचं. सौ.चे गुडघे आणि माझा रक्तदाब, दोघांनाही डॉक्टरांची परवानगी होती.

पहिला मुक्काम रेवदंड्याजवळ. तिथला मित्र स्वतः चालत नाही, पण दुसऱ्यांना चालवण्याची त्याला फार हौस! त्यानं आम्हाला फणसाडला धाडलं. साळावचा पूल ओलांडून मुरुडच्या दिशेनं गेलं की सुपेगावाशी या अभयारण्याचं तोंड लागतं. एके काळी ही जंजिऱ्याच्या नवाबाची शिकारीची राखीव जागा. 1986 साली तिचं अभयारण्य झालं. क्षेत्र फार मोठं नव्हे. पण समुद्राच्या इतक्या जवळ असं दाट रान आता कितीसं उरलंय? ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी; आणि त्यांना विळखे घालून वर गेलेल्या गारंबीच्या वेली, माणसाच्या मांडीएवढ्या जाड. गारंबीची शेंग हातभर लांब असते. ती पाहून सौ. म्हणाली, "हिची भाजी करायची तर पातेलं कुठून आणायचं?"

इथल्या पाणवठ्यांना 'गाण' म्हणतात. अशाच एका गाणावर आम्ही तासभर बसलो. बरोबरच्या गावातल्या मुलानं बोट केलं तिकडे शेकरू उंबरावर फळं खात होतं, शेपटी फांदीवरून खाली सोडलेली. हा आपला राज्यप्राणी आपल्यातल्या किती जणांनी रानात पाहिलाय? मी तर पासष्टी ओलांडल्यावर पाहिला.

आगरदांड्याहून दिघी, पुढे बागमांडल्याहून वेसवी. दोन खाड्या, दोन बोटी. वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव, अलीकडे कासवांसाठी अधिक प्रसिद्ध झालेलं. तिथं चहा घेतला आणि केळशी-आंजर्ल्यावरून दापोलीच्या पलीकडे, दुसऱ्या मित्राकडे पोचलो. त्याच्या गावाचं नाव सांगत नाही. कारण पुढे येईलच.

याच्या घरामागून एक पाखाडी वर चढते. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगे. पूर्वी वरच्या वाडीतली माणसं बाजाराला, शाळेला याच वाटेनं उतरत. वाडीला डांबरी रस्ता झाला आणि पाखाडी सुनी पडली. रस्ता झाला हे चांगलंच झालं. बाळंतिणीला डोलीत घालून उतरवायचे दिवस मी पाहिलेत. पण रानातली वाट पायांनीच जिवंत राहते. दोन पावसाळे कुणी गेलं नाही की करवंदीची जाळी तिच्यावर हक्क सांगते. माझा मित्र रोज सकाळी कोयता घेऊन निघतो आणि जाता-येता दोन्हीकडच्या फांद्या तोडतो. आमची चाल अशी झाली: तो पुढे सपासप, आम्ही मागे धापा टाकत.

अर्ध्या तासानं देवराई लागते. आत शिरताच अंगाला गारवा. जुने बेहडे, सातवीण, बकुळ. खाली पानांचा थर असा की पाऊल वाजत नाही. इथली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा नियम. अगदीच अडलं तर गुरवाकडून देवाला कौल लावायचा. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून त्यांची नोंद केली, तेव्हा शहरातल्या लोकांना हा शब्द कळला. गावाला तो ठाऊकच होता.

एका बेहड्याच्या ढोलीकडे मित्रानं बोट दाखवलं. तिथं दरवर्षी धनेशाची जोडी येते. मादी ढोलीत स्वतःला चिणून घेते, तोंडाशी फक्त फट ठेवते, आणि नर तिला बाहेरून फळं भरवतो. पोकळ होण्याइतकं म्हातारं झाड लागतं त्यासाठी.

देवराई संपते तिथं मित्राचं स्वतःचं रान सुरू होतं. स्वतःचं म्हणजे अकरा एकर, आणि सातबाऱ्यावर तेवीस नावं! रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावापुरतं. जे हिरवं दिसतं ते बहुतेक खाजगी मालकीचं, आणि असंच सामाईक. दर दहा-पंधरा वर्षांनी ठेकेदार येतो, उभं रान उक्तं घेतो आणि तोडून नेतो. लाकूड कोळशाच्या, विटांच्या भट्टीत जातं. 1964 चा वृक्षतोडीचा कायदा आहे. ऐन, किंजळ, हिरडा, फणस अशा झाडांना परवानगी लागते. ती मिळवून द्यायला ठेकेदार तत्पर असतो. ऐन-किंजळीला खुंटावरून धुमारे फुटतात, डोंगर पुन्हा हिरवा दिसतो. पण त्या धुमाऱ्यांना ढोली व्हायला तीन पिढ्या जातील.

आता ठेकेदार मित्राच्या दाराशी आला होता. मुंबईतल्या चुलतभावांना पैसे हवे आहेत. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. एकाच्या मुलीचं लग्न आहे, दुसऱ्याची मेडिक्लेम संपलेली. दहा बाय बाराच्या खोलीत आयुष्य काढलेल्या माणसाला धनेशाचं कौतुक कुठल्या तोंडानं सांगायचं?

रात्री पडवीत मित्रानं मला माझ्या जुन्या खुर्चीत बसवलं. "तू कर्जं देत होतास. सांग, काय करू?" मी बँकेतल्या माणसासारखं उत्तर दिलं: सरसनिरस वाटप करून घे, तुझा हिस्सा वेगळा काढ आणि तेवढा राख. उत्तर कागदावर बिनचूक होतं. वहिनी भाकऱ्या थापत ऐकत होत्या. त्या आतूनच म्हणाल्या, "भाऊजी, वाटणी होईल हो. पण झरा कुणाच्या वाट्याला घालायचा?"

त्या रानातून एक झरा येतो. त्याचं पाणी दगडी पाटानं उतरून घरामागच्या सुपारीच्या बागेत आणि पुढे आणखी चार घरांत जातं, पंपाशिवाय. शेजारचा डोंगर बारा वर्षांपूर्वी तोडला गेला. त्या अंगाचा पऱ्या तेव्हापासून मार्चलाच आटतो, असं ती चारही घरं सांगतात. मी इतकी वर्षं तारण पाहिलं. जमिनीची किंमत केली, आंब्याच्या कलमांची केली, लाकडाचीही केली. झऱ्याची करायला मला कुणी फॉर्म दिला नव्हता.

पुढचे दिवस सुखात गेले. दाभोळहून बोटीनं धोपावे, गुहागरला तिसरा मित्र, त्याच्या सुरूच्या बनातून पहाटेची रपेट, आणि मासे. त्याच्याकडे कसलाच प्रश्न नव्हता. त्यानं दोघं मुलं परदेशी गेल्यावर बाग विकून टाकली आहे, आणि तो मजेत आहे.

शिमग्याला पालखीसाठी चुलतभाऊ गावी येणार होते, तेव्हाच निकाल लागणार होता. होळीनंतर दोन दिवसांनी मित्राचा फोन आला. तेविसातले नऊ जण आले. दोघांनी ठेकेदाराची उचल आधीच घेतलेली निघाली. मुलीच्या लग्नाला मित्रानं स्वतःच्या ठेवीतून हात पुढे केला, म्हणून एक सही मागे आली. बाकीच्यांनी निर्णय गणपतीवर ढकलला. सगळ्यांच्या सह्यांशिवाय ठेकेदार हात घालणार नाही, एवढाच सध्या आधार.

"गणपतीत तुम्ही दोघंही या," तो म्हणाला. "सह्या करायला नाही, चालायला. पण तेव्हा जळवा असतात, तंबाखूची पुडी बरोबर ठेवा. वाट मी साफ ठेवतो."