झोप, लेखांक ४ : जागरणातला सौदा

हातकणंगले तालुक्यातल्या हुपरीत घराघरांत चांदीचे पैंजण घडतात. कुठे तार ओढली जाते, कुठे जोड झाळले जातात, कुठे घुंगरू बसवले जातात. काम कुठलंही असो, सगळ्यांचं लक्ष एकाच आकड्याकडे असतं : चांदीचा किलोचा भाव. पंचाईत अशी की हा आकडा हुपरीच्या घड्याळाप्रमाणे हलत नाही. मुंबईचा एमसीएक्स हा वायदेबाजार रात्री साडेअकरापर्यंत चालतो, अमेरिकेतल्या हिवाळ्यात अकरा पंचावन्नपर्यंत. न्यूयॉर्कला कामाचा दिवस सुरू होतो तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ झालेली असते. अमेरिकेची मध्यवर्ती बँक व्याजदराचा निर्णय तिथल्या दुपारी दोनला सांगते. तो आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेअकराला कळतो आणि हिवाळ्यात साडेबाराला, म्हणजे आपला बाजार बंद झाल्यावर.

चांदीच्या मोठ्या वायद्याचा एक सौदा ३० किलोचा असतो. किलोमागे हजार रुपये इकडेतिकडे झाले, की एका सौद्यात तीस हजारांचा फरक पडतो. त्यात हा धातू मुळातच चंचल. अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीने जानेवारी १९८० मध्ये भाव औंसाला ५० डॉलरच्या आसपास नेला होता, आणि त्याच वर्षी २७ मार्चला तो एका दिवसात जवळपास निम्म्यावर आला. ती ५० डॉलरची पातळी चांदीने ओलांडली थेट ऑक्टोबर २०२५ मध्ये. अशा दिवसांत मोबाइलवरचा भाव बघत बसणाऱ्याला झोप येत नाही हे समजण्यासारखं आहे. प्रश्न पुढचा आहे. जागं राहून त्याचा हिशेब सुधारतो की बिघडतो?

याचं बरंच नेमकं उत्तर २०११ साली मिळालं. ड्यूक विद्यापीठातले विनोद वेंकटरामन आणि सिंगापूरचे मायकेल ची यांच्या गटाने २९ निरोगी तरुणांना जुगारासारखे सौदे दिले. प्रत्येकाने एकदा रात्रभर झोपून ते सोडवले आणि एकदा रात्रभर जागून. सौदा सुधारण्यासाठी काही रक्कम वापरता येत होती : सर्वांत मोठा नफा वाढवा, किंवा सर्वांत मोठा तोटा कमी करा. झोप झालेली असताना माणसं तोट्याची बाजू सावरत होती. जागरणानंतर तीच माणसं नफा वाढवण्याकडे वळली. मेंदूच्या चित्रणातही तेच दिसलं. नफ्याचं मोल ठरवणारा कपाळामागचा भाग जास्त पेटत होता, आणि तोटा झाल्यावर बोचणी देणारा भाग थंड पडला होता.

या प्रयोगातली खरी मेख वेगळीच आहे. किती पेंग आली होती आणि निवड किती बदलली, यांचा एकमेकांशी मेळ बसत नव्हता. म्हणजे डोळे टक्क उघडे असलेल्या माणसाचाही कल बदलू शकतो. अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेत विल्यम किल्गोर यांनी माणसांना दोन दिवसांहून अधिक काळ जागं ठेवून पत्त्यांच्या चार गड्ड्यांची परीक्षा घेतली. दोन गड्ड्यांत घबाड मोठं, पण शेवटी खड्डा ठरलेला. ताजीतवानी माणसं थोड्या वेळात त्या गड्ड्यांपासून लांब राहायला शिकतात. जागरण झालेली पुन्हा पुन्हा तिकडेच हात घालत राहिली. पुढच्या प्रयोगात कॅफिन देऊन पाहिलं, तरी निवड सुधारली नाही. रात्री अकराला मागवलेला कडक चहा डोळे उघडे ठेवील, सौदा शहाणा करील याची खात्री नाही.

‘मला सहा तास पुरतात’ असं अभिमानाने सांगणारे प्रत्येक घरात एक तरी असतात. २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हॅन्स व्हॅन डाँगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना सलग चौदा रात्री चार किंवा सहा तासच झोपू दिलं. त्यांची चाचणीतली कामगिरी रोज घसरत गेली आणि शेवटी एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी खालावली. झोप किती येतेय असं विचारलं, तर मात्र पहिल्या काही दिवसांनंतर त्यांची उत्तरं फारशी बदलली नाहीत. आपण ठीक आहोत असंच त्यांना वाटत होतं.

तुलनेसाठी दारू घेऊ. सलग सतरा तास जागल्यावर हालचालींवरचा ताबा रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा होतो, असं ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये दाखवलं. भारतात गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. सकाळी सहाला उठून भट्टी पेटवणाऱ्याचे सतरा तास रात्री अकराला भरतात. दारूसाठी पोलिसांकडे फुंकायचं यंत्र तरी आहे, जागरणासाठी तेही नाही.

चुकीचा निर्णय तुटक्या झोपेतून उठल्या उठल्याही होतो. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान मंगळूरला धावपट्टीच्या पलीकडच्या दरीत कोसळलं आणि १६६ पैकी १५८ जण गेले. चौकशीत कॉकपिटमधला आवाज ऐकला गेला, तेव्हा कॅप्टन दीड तासाहून अधिक काळ झोपल्याचं स्पष्ट झालं. घोरणंही मुद्रित झालं होतं. जागं झाल्यावर मेंदू काही काळ जड राहतो. त्या अवस्थेने कॅप्टनच्या निर्णयावर परिणाम केला असावा, असं चौकशी न्यायालयाने नोंदवलं. विमान फार उंचावरून येत होतं. सहवैमानिकाने तीनदा पुन्हा वर घ्यायला सांगितलं, तरी कॅप्टनने उतरणं सोडलं नाही. सुमारे आठ हजार फुटांच्या धावपट्टीवर पाच हजार दोनशे फूट संपल्यावर चाकं टेकली. शेजारचा माणूस बरोबर बोलत होता, ही त्या अहवालातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट.

मग वैमानिकाने डुलकी घ्यायचीच नाही का? घ्यावी, पण किती मिनिटांची, आणि उठल्यावर किती वेळ थांबून हाती काम घ्यावं, याचे आडाखे आहेत. दुपारी हातोडी बाजूला ठेवून पाय पसरणाऱ्या कारागिरालाही ते लागू पडतात. पुढच्या आठवड्यात त्या डुलकीबद्दल.